मॅट्रिक्युलेशन परीक्षा आणि महाविद्यालयाची निवड : मुंबई इलाख्याचा अनुभव

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाने उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी मॅट्रिक्युलेशन परीक्षा ठेवली. १८५९ मधील पहिल्या परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले. त्यांपैकी केवळ २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या बावीस जणांतील होत.

ही परीक्षा पात्रता ठरवीत असे. कोणत्या महाविद्यालयात जावे, हे ठरवीत नसे. तो निर्णय बहुधा परीक्षेच्या कितीतरी आधी झालेला असे. भांडारकर मालवणचे, रत्नागिरीचे शिक्षण आटोपून ते मुंबईस आले. रानडे कोल्हापुराहून आले. दोघेही एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले व पुढे तेथील महाविद्यालयातच शिकले. घर सोडून ज्या शहरी शाळेत मुलगा जाई, तेथेच त्याच्या महाविद्यालयाची निवड होऊन जाई, असे म्हणावयास हरकत नाही. त्या काळी कला शाखेची सरकारी महाविद्यालये होती दोनच. दुसरे पुणे कॉलेज, जे १८६४ पासून डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. मिशनऱ्यांच्या संस्थांचा पर्याय होता; परंतु १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणानंतर अनेक ब्राह्मण कुटुंबांच्या दृष्टीने तो निर्धोक राहिला नव्हता. स्वदेशी चालकांचे फर्ग्युसन कॉलेज पुण्यात निघाले ते १८८५ मध्ये.

परीक्षेच्या नियमांत जातीचा उल्लेख नव्हता. मात्र परीक्षेपर्यंत नेणारी वाट शाळेतून जात होती, ही बाब अभ्यासकांकडून पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. १८६० च्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या प्रभावाखाली विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा मागे पडल्या व अभिजात भाषांचे महत्त्व वाढले. त्यामुळे शाळेत दुसरी भाषा कोणती मिळते, या प्रश्नाला वेगळेच वजन आले. भीमराव आंबेडकर यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाले. आजच्या गुणवत्ता यादीच्या हिशेबाने हे गुण किरकोळ वाटतील. तेव्हा ते एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडण्यास पुरेसे होते. अडचण निराळीच होती. कुटुंबास पुढील खर्च झेपेना. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. महाविद्यालयातही त्यांची दुसरी भाषा फारसीच राहिली. संस्कृत ते पुढे स्वप्रयत्नाने शिकले.