व्यक्ताकडून अव्यक्ताकडे : मराठवाड्यातील समीकरणाच्या पाठाचा इतिहास

समीकरण सोडवणे हा आज सहावी ते आठवीच्या गणितातला ठरलेला भाग आहे. बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्टीत वसलेल्या लिंबागणेशसारख्या गावांतली मुले तो बालभारतीच्या पुस्तकातून शिकतात आणि शिष्यवृत्ती परीक्षेत त्यावरचे प्रश्न सोडवतात. बारा-तेरा वर्षांच्या सगळ्याच मुलांना हा विषय शिकवण्याची रीत या भागात जेमतेम दोन-तीन पिढ्यांची आहे. विषय मात्र फार जुना. गोदावरीच्या खोऱ्यात तो आधी ज्योतिषांच्या घराण्यांत संस्कृतातून शिकवला गेला. पुढे त्याचे फारसीत भाषांतर झाले, निजामाच्या राज्यात तो उर्दूतून शाळेत आला आणि १९४८ नंतर मराठीतून गावोगाव पोचला. भाषा आणि राज्ये बदलली, तरी विद्यार्थी अडतो ती पायरी बदलली नाही. माहीत असलेल्या संख्यांवर हिशेब करणारे मूल माहीत नसलेल्या राशीवर हिशेब करू लागते, ती ही पायरी.

भास्कराचार्यांचा क्रम

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला. आपण सह्य पर्वताजवळच्या विज्जलवीड या नगरात राहतो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हे नगर म्हणजे आजचे बीड, असे एक मत आहे. इतर अभ्यासक ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात किंवा कर्नाटकात शोधतात. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत. त्यांतला ‘लीलावती’ हा व्यक्त, म्हणजे ज्ञात संख्यांच्या गणिताचा आणि ‘बीजगणित’ हा अव्यक्त, म्हणजे अज्ञात राशींच्या गणिताचा. उरलेले दोन ग्रहगणित आणि गोल या विषयांवर आहेत.

‘लीलावती’त अज्ञात संख्या शोधण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांत अज्ञातावर प्रत्यक्ष क्रिया करावी लागत नाही. विलोमविधीत शेवटच्या उत्तरापासून उलटे मागे यायचे. एका संख्येची तिप्पट करून तीत ५ मिळवले असता २० होत असतील, तर २० मधून ५ वजा करायचे आणि राहिलेल्या १५ ला ३ ने भागायचे; संख्या ५ मिळते. इष्टकर्मात एक सोयीची संख्या धरून गणित करायचे आणि आलेल्या उत्तराच्या प्रमाणात ती सुधारायची. दोन्ही रीतींत हाताशी असतात त्या ज्ञात संख्याच.

‘बीजगणिता’तल्या एका उदाहरणात मात्र या रीती सरळ लावता येत नाहीत. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर घोड्याची किंमत किती? इथे अज्ञात किंमत दोन्हीकडे येते. उलटे मागे यायला शेवटचे उत्तरच हाती नाही. अशा वेळी अज्ञाताला नाव द्यायचे आणि त्याच्याशी ज्ञात संख्येसारखेच वागायचे. भास्कराचार्य अज्ञातासाठी ‘यावत्तावत्’ची खूण ‘या’ आणि ज्ञात संख्येसाठी ‘रूप’ची खूण ‘रू’ वापरतात. दोन बाजू एकीखाली एक मांडल्या जातात आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब येते :

या ६ रू ३००
या १० रू १०० (या १०० वर टिंब)

यानंतर समशोधन करायचे. एका बाजूचे अव्यक्त दुसऱ्या बाजूच्या अव्यक्तातून वजा करायचे आणि दुसऱ्या बाजूचे रूप पहिल्या बाजूच्या रूपातून. १० मधून ६ गेले, ४ राहिले. ३०० मधून १०० चे ऋण वजा केले की ४०० होतात. ४०० ला ४ ने भागले की घोड्याची किंमत १०० येते. ताळा पाहिला तर दोघांचीही संपत्ती ९०० भरते. अज्ञाते एकापेक्षा अधिक असतील, तर ‘कालक’, ‘नीलक’, ‘पीतक’ अशी रंगांची नावे घेऊन का, नी, पी या खुणा वापरल्या जात.

या ग्रंथाची रचनाच अध्यापनाच्या क्रमाची आहे. समीकरणे पहिल्या पानावर येत नाहीत. आधी धन-ऋण संख्यांच्या सहा क्रिया येतात, मग शून्याच्या, मग अव्यक्त राशींच्या. एकवर्ण समीकरण बरेच पुढे येते. आजच्या अभ्यासक्रमातही पूर्णांक संख्या, बैजिक राशी आणि मग एकचल समीकरणे, असाच क्रम आहे.

मठ, घराणी आणि उपपत्ती

हे ग्रंथ शिकवण्याची व्यवस्था कशी होती, याचा एक पुरावा पाटणच्या शिलालेखात मिळतो. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने या मठाला दिलेल्या देणग्यांची नोंद शके ११२८ (इ. स. १२०७) च्या लेखात आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. देणग्यांचा तपशील मात्र जुन्या मराठीत आहे. तेलाच्या घाण्यांमागे मठाला पळीने तेल द्यायचे, अशीही नोंद त्यात आहे. पाठ संस्कृतात चालला, तरी त्याचा खर्च भागवणाऱ्या बाजारपेठेची भाषा मराठी होती. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

पुढची तीन-चार शतके ही विद्या गोदाकाठच्या घराण्यांत टिकली. पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी, येथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ लिहिला आणि बीजगणितावरही रचना केली. त्याचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली, तर १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. मूळचे विदर्भातले आणि काशीत स्थायिक झालेले घराणे कृष्ण दैवज्ञाचे. त्याची ‘बीजपल्लव’ ही टीका १६०० च्या सुमाराची.

या टीकांमध्ये सूत्रामागचे कारण, म्हणजे उपपत्ती सांगितलेली असते. समशोधन का चालते, याचे उत्तर असे : दोन समान राशींत समान राशी मिळवली किंवा त्यांतून समान राशी वजा केली, तरी समानता टिकते. ही टीकापरंपरा शिष्याला पद्धत आणि तिचे कारण एकत्र देत होती. मात्र असा शिष्य मोजक्या ज्योतिषी घराण्यांतला असे. गावच्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे, मोडी लेखन, पाढे आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी एवढे शिकवले जाई. व्याज, मापे आणि जमाखर्च यांना ते पुरेसे होते. कुळकर्णी होणाऱ्या मुलाला अव्यक्ताची गरज पडत नसे.

फारसी, इंग्रजी आणि उर्दू

‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने करून शहाजहानला अर्पण केले. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुकारही हाच अताउल्ला. या फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक तयार केले. १८१७ मध्ये हेन्री टॉमस कोलब्रुक याने मूळ संस्कृतावरून ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघत होत्या. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी चार्ल्स हटनच्या गणितग्रंथाच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. गोदाकाठच्या टोके गावाशी संबंध असलेल्या घराण्यातले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवत. त्यांचे हिंदी ‘बीजगणित’ १८५० मध्ये छापले गेले. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे आणि त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक यांनी महाविद्यालयात गणित शिकवले. या काळात मांडणी युरोपीय झाली. एकीखाली एक असलेल्या दोन बाजू बरोबरच्या चिन्हाच्या डावी-उजवीकडे गेल्या आणि ‘या’ची जागा क्ष या अक्षराने घेतली.

बीड मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई इलाख्यातली मराठी क्रमिक पुस्तके या भागाच्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी नव्हती. तिथे माध्यम उर्दू होते. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. तिथे उच्च गणितही उर्दूतून शिकवले जाऊ लागले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला समीकरण ‘मुसावात’ या नावाने भेटे. त्यासाठी आधी भाषा शिकावी लागे, आणि माध्यमिक शाळा होत्या तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी. अंबाजोगाईची (तेव्हाचे मोमिनाबाद) योगेश्वरी संस्था आणि हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा यांनी या व्यवस्थेला पर्याय उभा केला. १९३० च्या दशकात या शाळांतून स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले. डोंगरपट्टीतल्या खेड्यांना मात्र या शाळाही लांबच होत्या.

गावोगावच्या शाळा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाड्यात मराठी माध्यमाला मोकळीक मिळाली; १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. सातवीपर्यंतचे वर्ग मोठ्या गावांत निघाले, पुढे खासगी संस्थांची विद्यालयेही. समीकरणाचा पाठ पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या मुलापर्यंत पोचला, तो असा.

२७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकच पुस्तक आले. १९७० च्या दशकात ‘नव्या गणिता’ची लाट आली, बीजगणिताची सुरुवात संचांपासून होऊ लागली आणि उत्तर ‘उकल संच’ म्हणून महिरपी कंसात लिहिले जाऊ लागले. दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. बीजगणिताचा स्वतंत्र पेपर असल्याने खालच्या वर्गांतल्या समीकरणांवरही परीक्षेचा दाब आला. वर्ग मोठे, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. अशा वेळी ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम हाताशी येतो. नियम बरोबर आहे आणि उत्तर लवकर काढून देतो. पण त्यामागचे कारण सुटले, तर ६क्ष = ३० मधला ६ पलीकडे नेताना मूल त्याचेही चिन्ह बदलते आणि भागाकाराऐवजी −६ लिहून मोकळे होते. कृष्ण दैवज्ञाने सांगितलेली उपपत्ती इथे गळालेली असते.

तराजू आणि उचल

नंतरच्या पुस्तकांनी हे कारण पुन्हा वर्गात आणले ते तराजूच्या रूपाने. दोन्ही पारडी समतोल आहेत. दोन्हींत सारखेच टाकले किंवा दोन्हींतून सारखेच काढले, तर समतोल ढळत नाही. मूल ‘डावी बाजू, उजवी बाजू’ असे लिहीत दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करते आणि शेवटी मूळ समीकरणात किंमत घालून ताळा पाहते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) के. सुब्रमण्यम आणि राखी बॅनर्जी यांनी सहावीच्या मुलांबरोबर केलेल्या अभ्यासाने याच्याही आधीची एक पायरी दाखवली. २७ + ३२ आणि २९ + ३० यांची किंमत सारखी आहे का, हे बेरीज न करता, पदांकडे पाहून सांगण्याची सवय लागली, तर अक्षरांच्या राशी कमी परक्या वाटतात. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘उत्तर काढा’ असा हुकूम आहे, हा समज त्यातून सुटतो. ६क्ष + ३०० म्हणजे ३०६क्ष, ही चूकही कमी होते.

तराजूला मर्यादा आहे ती ऋण संख्येची. उणे १०० वजन पारड्यात ठेवता येत नाही. इथे भास्कराचार्यांचे कर्जाचे उदाहरण अधिक उपयोगी पडते आणि बीडमध्ये ते शोधायला लांब जावे लागत नाही. ऊसतोडीला जाणारी जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते आणि ती तोडीतून फेडते. एका कोयत्याची ६ टनांची मजुरी येणे आहे आणि हाती १,२०० रुपये आहेत. दुसऱ्याची १० टनांची येणे आहे, पण ४०० रुपये उचल फेडायची आहे. दोघांचा हिशेब सारखा येतो, तर टनाचा दर किती? ६क्ष + १२०० = १०क्ष − ४००; म्हणून ४क्ष = १६०० आणि दर ४०० रुपये. ताळ्याला दोन्ही बाजू ३,६०० येतात.

ज्यांच्या घरचा हा हिशेब, त्याच मुलांचा पाठ चुकतो, ही जिल्ह्यातली खरी अडचण आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीजगणितात प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो. पूर्णांकांच्या वजाबाकीच्या वेळी कारखान्यावर असलेले मूल परतल्यावर समीकरणाशी झगडते. आईवडील तोडीवर गेले तरी मुले गावातच राहावीत, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक आवश्यक ठरवला. सेमी इंग्रजीच्या वर्गांत गणिताची भाषा पुन्हा बदलली. चल, सहगुणक, पद हे शब्द मुलांना इंग्रजीतून शिकावे लागतात. एकेकाळी उर्दूच्या वर्गात होता तोच प्रश्न इथे वेगळ्या रूपात येतो. मुलाला भाषा आणि अव्यक्त ही दोन्ही अनोळखी एकाच वेळी भेटतात. म्हणून अशा वर्गात शिक्षक आधी उदाहरण बोलीत सांगतो, ‘किंमत क्ष मानू’ इथपर्यंत मराठीत नेतो आणि मग पुस्तकाच्या भाषेत मांडणी करून घेतो.