ग्लासगोच्या चौकात आपली असई

श्रोतेहो, समर्थांच्या जन्मगावी, चैत्राच्या दिवसांत, विलायतेतल्या शहरांच्या गमतीजमती सांगायला उभे राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही पदवीधर नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या संघटनेची पावतीपुस्तके लिहिताना आणि रात्री वाचनालयातली पुस्तके चाळताना जे झाले तेवढेच. पण त्या वाचनात एक हकीगत अशी हाती लागली, की तिचे एक टोक विलायतेत आहे आणि दुसरे आपल्याच जिल्ह्याच्या मातीत. ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

ग्लासगो हे स्कॉटलंडमधले मोठे शहर. जहाजे बांधणाऱ्या कामगारांचे म्हणून नावाजलेले. तेथे क्वीन स्ट्रीटवर तंबाखूच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने १७७८ साली बांधलेला वाडा आहे. पुढे तो व्यापाऱ्यांचा बाजार झाला आणि १९९६ पासून तेथे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. या वाड्यासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचा घोड्यावर बसलेला पुतळा १८४४ साली उभारला गेला. मौज अशी, की गेली चाळीसेक वर्षे या ड्यूकच्या डोक्यावर रस्त्यातल्या खड्ड्याभोवती ठेवतात तसला नारिंगी शंकू असतो! रात्री कोणीतरी चढतो आणि ही टोपी घालून जातो. पालिका ती काढते, लोक पुन्हा घालतात. २०१३ साली पालिकेने चौथराच उंच करण्याचा बेत केला. तेव्हा हजारो नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि बेत गुंडाळावा लागला.

येथवर हसण्यासारखे आहे. पण टोपीवरून नजर खाली चौथऱ्याकडे न्यावी. तेथे ब्राँझची उठावचित्रे बसवली आहेत. एकात वॉटर्लूची लढाई आहे आणि दुसऱ्यात असईची! असई म्हणजे कोणती? आपल्या जालना जिल्ह्यातली, भोकरदन-जाफराबादकडची, एस. टी.च्या फाट्यावर उतरून जावे लागते ती.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. एका बाजूस शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूस इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. वय चौतीस वर्षांचे. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वाटाड्यांनी त्याला सांगितले, की येथे नदीला उतार नाही. त्याने पाहिले, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे. दोन गावे अशी वसली आहेत, त्या अर्थी माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे त्या अर्थी उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि फौज पलीकडे गेली. आमच्या मते हा विजय निम्मा त्या दोन गावांतल्या कष्टकऱ्यांच्या पायवाटेचा आहे. पण पायवाटेला पुतळा नसतो.

शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी शर्थ केली. तोफा सोडून पळण्याऐवजी ते तोफांपाशीच उभे राहिले आणि तेथेच कापले गेले, हे शत्रूनेही लिहून ठेवले आहे. इंग्रजांकडचे सुमारे सोळाशे लोक मेले वा जखमी झाले. त्यांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीतली बहुतेक माणसे पडली. आयुष्यातली तुमची सर्वांत सरस लढाई कोणती, असे म्हातारपणी वेलिंग्टनला विचारले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले. ती ७४ वी पलटण १८८१ साली हायलँड लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली आणि ही पलटण पुढे ग्लासगो शहराची म्हणून ओळखली गेली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हत्ती होता आणि ‘असई’ ही अक्षरे होती. म्हणजे आपल्या गावाचे नाव ग्लासगोच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या कपाळावर वागवले! आणि त्या गोलंदाजांपैकी एकाचे तरी नाव आपण कोणी सांगू शकू काय?

आता ग्लासगोहून मँचेस्टरला जाऊ. १८१५ साली वेलिंग्टनने वॉटर्लू जिंकले. चारच वर्षांनी, १६ ऑगस्ट १८१९ रोजी, मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर साठ हजारांच्या आसपास लोक जमले. बहुतेक विणकर, सूतकामगार, त्यांच्या बायका, मुले. मँचेस्टर एवढे मोठे गाव, पण पार्लमेंटात त्याचा एकही स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. तो मिळावा, एवढीच मागणी. त्या नि:शस्त्र जमावावर तलवारी उपसलेले घोडेस्वार घातले गेले. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. लोकांनी वॉटर्लूच्या धर्तीवर या पराक्रमाचे नाव ठेवले ‘पीटर्लू’. एवढ्या एका शब्दात केवढी चपराक आहे, पाहा!

त्याच मैदानावर पुढे फ्री ट्रेड हॉल नावाचे सभागृह उभे राहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला. त्या वेळी मुंबईत कापसाचे भाव कडाडले आणि व्यापारी गबर झाले. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या मात्र बंद पडून मजुरांची उपासमार झाली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी याच सभागृहात कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी पत्राने त्यांचे आभार मानले. आज मँचेस्टरच्या एका चौकात लिंकनचा पुतळा आहे आणि त्याखाली त्या पत्रातला मजकूर कोरला आहे. सेनापतीच्या चौथऱ्यावर लढाया असतात. या चौथऱ्यावर उपाशी मजुरांचे आभार आहेत.

पीटर्लूच्या मृतांना मात्र फार थांबावे लागले. बरोबर दोनशे वर्षांनी, २०१९ साली, मँचेस्टरला त्यांचे स्मारक झाले. गोल गोल पायऱ्यांचा तो दगडी चबुतरा आहे. त्यावर मेलेल्यांची नावे आहेत आणि ते कोणकोणत्या गावांहून आले त्या गावांचीही आहेत.

आम्हांला याचे एवढे अप्रूप का, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका जिनमध्ये कापसाच्या गाठीखाली सापडून आमचा एक हमाल गेला. मालकाने मस्टर पुढे केले. मस्टरवर त्याचे नाव नव्हते. नाव नाही, म्हणजे तो येथे कामालाच नव्हता. कामाला नव्हता, म्हणजे भरपाई नाही! सहा वर्षे आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अखेर मुकादमाची एक तेलकट, फाटकी वही सापडली. तीत त्या दिवशीच्या पाळीखाली त्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते. त्या एका ओळीवर त्याच्या बायकोला भरपाई मिळाली.

तेव्हापासून आम्ही नावे लिहितो. श्रोत्यांनाही तेवढीच विनंती आहे. आपल्या गावात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, पाझर तलावांवर माती वाहिलेली म्हातारी माणसे अजून आहेत. दरसाल ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. शाळेतल्या मुलांनी एक वही घ्यावी, घरोघर जावे आणि कोण, कोठे, कोणत्या कामावर होते ते लिहून काढावे. दगडाला पैसे लागतात. वहीला लागत नाहीत. असईच्या गोलंदाजांची नावे आपण घालवली ती घालवली. जांबच्या कष्टकऱ्यांची तरी घालवू नयेत.