गृहशोभन, महाराष्ट्रातील पारंपरिक

घराचा अंतर्भाग वापरास सोयीचा व नजरेस प्रसन्न असावा, म्हणून परंपरेने चालत आलेल्या मांडणीच्या, लेपनाच्या व अलंकरणाच्या पद्धती. महाराष्ट्रात वाड्यांतील कोरीव काम व भित्तिचित्रे यांचा अभ्यास बराच झालेला आहे. त्या मानाने सामान्य शेतकरी घराच्या शोभेची नोंद अल्प आहे, कारण तेथील कला दर आठवड्यास पुसली जाई व पुन्हा काढली जाई.

पन्हाळा तालुक्यातील कोडोली व वारणा खोऱ्यातील जुन्या घरांत जोते, पुढचा सोपा, मधले माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर व देवघर आणि मागे परडे, अशी रचना सामान्यतः आढळे. घराचे माप ‘खणा’वर, म्हणजे दोन खांबांमधील अंतरावर सांगत. खांब, तुळई व वासे उघडेच राहत असल्याने सुताराच्या कौशल्याला वाव मिळे. खांबाच्या माथ्यावरील हस्त, चौकटीवरील वेलबुट्टी व गणेशपट्टी यांवर ऐपतीप्रमाणे कोरीव काम केले जाई. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या आणि जाड असत. त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या व फडताळे बसविली जात, त्यामुळे सुटे लाकडी सामान फारसे लागत नसे. कमानदार कोनाडा हा भिंतीचा अलंकार वाटतो, परंतु तो मुळात दिवा वाऱ्यापासून राखण्यासाठी असे. त्याच्या माथ्यावर साचणारी काजळी पुसून चुन्याचा हात देणे, हे सणापूर्वीचे नेमाचे काम होते.

जमीन व भिंत हे ह्या शोभेचे मुख्य क्षेत्र होय आणि ते सर्वस्वी स्त्रियांच्या हाती होते. पावसाळा संपला की, उखडलेली भुई खणून, माती भिजवून चोपण्याने ठोकून सपाट केली जाई व तीवर शेणाचे सारवण होई. सारवताना हात अर्धवर्तुळात फिरे. त्याचे एकमेकांत अडकलेले पट्टे वाळल्यावर दिसत, व हात किती सराईत आहे हे त्यांवरून ओळखता येई. भिंतीला पांढऱ्या मातीचे पोतेरे व पायथ्याशी गेरूचा पट्टा देत. हा पट्टा रंगसंगती साधतोच. शिवाय टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचे व सारवणाच्या शिंतोड्यांचे डाग त्यात लपतात. त्यावर बोटांनी चुन्याचे ठिपके, वेली, तुळशीवृंदावन, सूर्यचंद्र इ. आकृती काढल्या जात. चैत्रातील चैत्रांगण, नागपंचमीचे भिंतीवरील नाग, गौरीची उंबऱ्यापासून माजघरापर्यंत उमटविलेली पावले आणि दिवाळीची रांगोळी यांमुळे घराचे रूप वर्षभर पालटत राही. ही कला कष्टाची होती, हे तिच्या गौरवात सहसा विसरले जाते. सारवणासाठी पाणी व शेण आणण्याचे कामही त्याच हातांना करावे लागे.

माजघरात उजेड बेताचा असे. म्हणून तांब्यापितळेची घासलेली भांडी मांडणीवर ओळीने ठेवण्याला केवळ हौसेपलीकडचे कारण होते; दाराकडून येणारा प्रकाश ती परतवीत. उतरंडीत धान्य व डाळी राहत, शिंक्यात दूधदुभते मांजरापासून सुरक्षित असे, घडीच्या गोधड्या व घोंगडी वळणीवर किंवा वलाणीवर टाकलेली असत. सोप्याची सजावट निराळी. तेथे जाजम, लोड, तक्के, पानाचे तबक असा पुरुषांच्या बैठकीचा थाट असे. घरातील महागडी वस्तू बहुधा सोप्यात व कष्टाची शोभा माजघरात, अशी ही विभागणी होती.

वाड्यांमध्ये हीच तत्त्वे अधिक संपन्न साहित्यात दिसतात. पुण्याचा शनिवारवाडा (वास्तुशांत १७३२) चित्रित दालनांसाठी प्रसिद्ध होता. त्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे अवशिष्ट आहेत. कोकण व गोव्यात चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कोरून आकृती उमटविण्याची ‘कावी’ पद्धती मंदिरांप्रमाणे घरांतही रुजली. गोव्यातील जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा मंद उजेड हाच एक अलंकार ठरतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात (१८७७–८४) शिवचरित्रातील प्रसंगांच्या रंगीत काचा बसविल्या गेल्या. हंड्या-झुंबरे व मोठे आरसे यांची आवड अशाच ठिकाणांहून सावकारांच्या व वतनदारांच्या दिवाणखान्यांत उतरली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खरा पालट छापील चित्रांनी घडविला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो मळवलीस हलविण्यात आला. तेथील लक्ष्मी व सरस्वती यांची रंगीत चित्रे काचेच्या चौकटीत बसून खेडोपाडी पोहोचली. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच आली होती, त्यामुळे बाजारी माल येणे सुलभ झाले होते. ज्या भिंतीवर गेरूने देवता रेखीत, तेथे खिळा ठोकला गेला. श्रावणातील जिवतीचे चित्रही छापील कागदाचे झाले. सुईकामाचा ओघ दुसरीकडून आला. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे एक केंद्र कोडोलीस होते. मिशनच्या व पुढे इतर मुलींच्या शाळांतून शिवण-टिपण शिकविले जाई. क्रोशाचे रुमाल, मण्यांची व काचनळ्यांची तोरणे, चौकटीत बसविलेले ‘सुस्वागतम्’चे भरतकाम हे प्रकार घरोघरी रूढ झाले आणि लग्नाच्या रुखवतातही मांडले जाऊ लागले. जुन्या परंपरेत ह्यांना आधार नव्हता. तरीही दोन पिढ्यांत ते परंपराच मानले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंट, लादी व तैलरंग यांनी सारवण व पोतेऱ्याची जागा घेतली. हा बदल केवळ अभिरुचीचा नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने माती व दगड यांच्या भिंतींवरील विश्वास डळमळला. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक मातीची घरे कोसळली. ज्यांनी त्या भिंती उभ्या ठेवण्यासाठी दरवर्षी राबावे, त्यांनी पक्के घर पसंत केले यात नवल नाही. कोरीव चौकटी, समया, दिवे, अडकित्ते यांचा मोठा संग्रह दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमविला व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो पाहता येतो. तेथे भांडी व चौकटी आहेत, सारवलेली भुई मात्र संग्रहात ठेवता येण्याजोगी नाही. शहरी दिवाणखान्यांत झोपाळा, पितळी हंडा व वारली चित्रांचे पट्टे पुन्हा दिसू लागले आहेत. वारली चित्रे मूळची ठाणे-पालघर भागातील आदिवासी स्त्रियांनी लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेली. तेथील भिंतही माती व शेण यांनी लिंपलेलीच असे. हंडा आता रिकामा असतो, व तो घासण्यासाठी चिंच वा राख लागत नाही, कारण त्यावर चकाकीचा लेप दिलेला असतो.