बोगदा, घाट आणि फेरीचा धक्का : चोपड्याला पोचणाऱ्या गाड्यांची मापं

चोपडे हे पेडणे तालुक्यातलं शापोरा नदीकाठचं गाव. पैलतीरावर बार्देशातली शिवोली. आज पुलावरून दोन मिनिटांत नदी पार होते, त्यामुळे इथे कधी गाडी अडत असेल हे नव्या पिढीला सांगूनही खरं वाटत नाही. पण गावं कशी बदलली हे समजून घ्यायचं तर तिथे पोचणाऱ्या वाटा बघाव्या लागतात, आणि वाटा बघायच्या तर त्यांवरून काय जाऊ शकत होतं आणि काय नाही, हेही बघावं लागतं. या लेखात आपण एकच वाहन धरून चालू : कॅम्पर व्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. झोपायची सोय, चूल, पाण्याची टाकी, टपावर सामान. उंच, लांब आणि जड अशी ही गाडी असल्यामुळे वाटेतली प्रत्येक अडचण तिला आधी जाणवते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधीची काही वर्षं भारताच्या आर्थिक नाकेबंदीमुळे सरहद्द जवळजवळ बंदच होती. मुक्तीनंतर ती उघडली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून जमिनीवरच्या वाटेने निघालेली तरुण मंडळी हणजूण, वागातोर, शापोरा या किनाऱ्यांवर येऊ लागली. सगळेच काही गाडी घेऊन आले नाहीत, बरेचसे बसने, आगगाडीने आले. पण काहींजवळ फोक्सवॅगनची व्हॅन असे, काहींजवळ जुनी टपालगाडी किंवा बस. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि मग भारत, अशी ती वाट. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली.

या वाटेवर बोगदे होते का? होते, पण मोजके. काबूलहून जलालाबादकडे उतरणारा रस्ता माहीपरच्या अरुंद घळीतून जातो. एका बाजूला काबूल नदी, दुसऱ्या बाजूला सरळ कडा, आणि जिथे कड्याने जागाच दिली नाही तिथे खडक फोडून काढलेले लहान लहान बोगदे. भारतात शिरल्यावर पुण्याहून दक्षिणेकडे निघालं की जुन्या सातारा रस्त्यावर कात्रज घाटातला बोगदा लागायचा. ब्रिटिश काळात, एकोणिसाव्या शतकात, बैलगाड्या आणि टांग्यांसाठी हा बोगदा खोदला. पुढे महामार्गाचा नवा बोगदा होईपर्यंत पुणे-सातारा ही सगळी वाहतूक, एसटी आणि मालट्रकांसकट, त्याच जुन्या बोगद्यातून होत असे. तो आजही वापरात आहे.

जुन्या बोगद्यात उंच गाडी नेमकी कुठे अडते हे नीट समजून घेतलं पाहिजे. बोगद्याचा छेद चौकोनी नसतो. वरून कमान असते, कारण वरच्या डोंगराचा भार कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरवते. म्हणजे मध्यावर जी उंची मिळते ती कडेला मिळत नाही. लहान मोटार आपल्या बाजूने निमूट जाते. उंच, चौकोनी टपाची गाडी डावी कड धरून गेली तर तिचा वरचा डावा कोपरा कमानीला लागतो. म्हणून चालकाला ती रस्त्याच्या मध्यावर घ्यावी लागते आणि समोरच्याला थांबावं लागतं. दिवे लावायचे, हॉर्न द्यायचा, पलीकडचा उजेड मोकळा आहे का बघायचं आणि मगच आत शिरायचं, ही शिस्त यातूनच आली. त्यात टपावर कॅरिअर, सुटी चाकं, पाण्याची टाकी असली की गाडीची खरी उंची कागदावर लिहिलेल्या उंचीपेक्षा जास्त होते. थोडक्यात, बोगदा गाडीचा माथा मोजतो.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव मागे टाकून सह्याद्री उतरायला लागलं की मात्र बोगदा नाही. आंबोली, चोर्ला, अनमोड यांपैकी कुठलाही घाट घ्या, रस्ता डोंगराच्या अंगाला चिकटून, वळणं घेत खाली येतो. आंबोलीचा घाट ब्रिटिशांनी वेंगुर्ला बंदर देशावरच्या बाजारपेठांशी जोडायला बांधला. चढ बैलांना झेपेल इतका ठेवायचा तर डोंगर पोखरण्यापेक्षा वळणं वाढवणं स्वस्त पडत होतं. घाटात माथ्यावर आभाळ मोकळं असतं, उंचीची काळजी नाही. इथे मोजली जाते ती लांबी. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकी मागची चाकं वळणात आतल्या बाजूला कापत जातात. लांब बस किंवा मोठी व्हॅन तीव्र वळणावर एका दमात वळत नाही. पुढे घ्या, मागे घ्या, पुन्हा पुढे. तोवर वरचे वर आणि खालचे खाली.

गोव्यात मोठे बोगदे आले ते रस्त्याने नव्हे, रेल्वेने. मुरगाव बंदरापासून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज रेल्वे १८८० च्या दशकात झाली, दूधसागरजवळचे तिचे बोगदे सगळ्यांना ठाऊक आहेत. पेडण्याच्या वाट्याला बोगदा यायला त्यानंतर शंभर वर्षं जावी लागली.

आता चोपड्याकडे येऊ. सावंतवाडी-बांदा-पत्रादेवी करत आलेली गाडी थेट पेडण्यात उतरायची, तिला शापोरा ओलांडायची गरजच नव्हती. पण परदेशी मंडळींचा मुक्काम असायचा नदीच्या दक्षिणेला, हणजूण-वागातोरला. तिथून मोरजी, मांद्रे, हरमल या पेडण्याच्या किनाऱ्यांकडे जायचं तर दोन वाटा होत्या. एक, कोलवाळच्या पुलावरून धारगळ, पेडणे असा मोठा वळसा. दुसरी, शिवोलीच्या धक्क्यावरून फेरीबोट धरायची आणि चोपड्याला उतरायचं.

फेरीबोटीला छप्पर आडवं येत नाही, व्हॅन कितीही उंच असो. पण बोट मोजते दुसरंच. गोव्यातल्या या बोटी सपाट बुडाच्या. टोकाची फळी धक्क्याच्या उतरणीवर टेकते आणि गाडी तिच्यावरून आत शिरते. शापोरा इथे भरती-ओहोटीची नदी आहे, म्हणजे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. भरतीला फळी जवळजवळ सपाट, ओहोटीला उतरण तीव्र. स्कूटर आणि मोटारीला फरक पडत नाही. पण ज्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे बराच लोंबतो, तिची शेपटी ओहोटीच्या वेळी घासते. कॅम्पर व्हॅनमध्ये तर नेमकी तिथेच टाकी किंवा सामानाची पेटी असते. म्हणून थांबायचं, पाणी चढायची वाट बघायची. शिवाय एका लांब गाडीने दोन मोटारींची जागा घेतली की बाकीच्यांची कुरकुर आलीच. बोगद्याने माथा मोजला, घाटाने लांबी, तर फेरीच्या धक्क्याने पोट आणि शेपटी.

नदीकाठच्या लोकांना हे नवं नव्हतं. नदी ओलांडायच्या जागेला आपल्याकडे तार म्हणतात, आणि तारीवर माणसाने पाण्याची वेळ बघूनच यायचं असतं. नवलाई होती ती गाडीची. नदीच्या दोन तीरांतला फरक पुढे स्पष्ट दिसला त्यामागे हीसुद्धा एक गोष्ट आहे. हरमलला परदेशी पाहुणे सत्तर-ऐंशीच्या दशकांतही पोचले होते, पण हणजूणसारखी गाड्यांची वर्दळ पेडण्याच्या किनाऱ्यावर लगेच आली नाही. फेरी माणसाला अडवत नव्हती. ती गाडीला सावकाश करत होती, आणि गाडीमागून येणाऱ्या सामानाला, धंद्याला, बांधकामाला त्याहून सावकाश.

मग या शतकाच्या सुरुवातीला शिवोली-चोपडे पूल झाला. पुलाला माथ्याचं, लांबीचं, शेपटीचं काही देणंघेणं नसतं. पूल मोजतो वजन. आणि पूल वजन कसं मोजतो हे गोव्याने फार महाग किंमत देऊन शिकलं आहे. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि पणजीहून बार्देश-पेडण्याकडे येणारी वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. चोपड्याचा पूल झाल्यावर मात्र ट्रक, टँकर, जेसीबी, सगळंच पलीकडे जाऊ लागलं. मोरजी, आश्वे, मांद्रे इथे पुढे जे घडलं ते आपण बघतोच आहोत. पूल नको होता असं कुणी म्हणणार नाही. म्हापशाच्या दवाखान्यात रात्री पेशंट न्यायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना पुलाची किंमत विचारा. पण पूल फक्त पेशंटसाठी उघडत नाही.

याच सुमारास पेडण्यात दुसरी गोष्ट झाली होती, तीही बोगद्याचीच. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर. सगळ्यात लांब रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. पेडण्याचा बोगदा त्या मानाने लहान, सुमारे दीड किलोमीटर. पण त्रास दिला तो यानेच. सह्याद्रीचा कठीण काळा दगड सुरुंगाने फुटतो आणि फुटल्यावर उभा राहतो. पेडण्याला लागली ती भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी माती. ती खोदावी तितकी वरून पुन्हा खाली येई. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, पण त्या मातीचा स्वभाव बदलला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पावसात याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून गाड्या पुन्हा अडल्या.

या बोगद्यातून रस्त्यावरच्या गाड्याही जातात, आणि त्यामुळेच आपल्या विषयाचं वर्तुळ इथे पेडण्यात येऊन मिळतं. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढवायचा आणि घाट टाळून रेल्वेनेच न्यायचा. इथे पुन्हा माथ्याचं माप आलं. वॅगनच्या उंचीवर ट्रकची उंची चढते आणि वर तीच कमान. म्हणून ट्रक चढवण्यापूर्वी त्याची उंची तपासली जाते, ठरलेल्या मापाबाहेरचा माल असेल तर त्याला रस्त्यानेच जावं लागतं. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आणि बोगद्यांत माथ्यावर वीजवाहक तारही आली. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठीही रो-रो सुरू झाली. गाडी वॅगनवर, माणसं डब्यात. कात्रजच्या जुन्या बोगद्यात चालक स्वतः नजरेने मापत होता, इथे त्याच्यासाठी दुसरं कुणी मापतं, एवढाच फरक.

रस्त्यानेही आता बोगदे येत आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला, २०२३ च्या चतुर्थीला तो लहान गाड्यांसाठी पहिल्यांदा उघडला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारवां पर्यटनाचं धोरण आणलं, आणि देशी कॅम्पर व्हॅन आता कोकणातून सरळ पेडण्यात येतात. कशेडीचा बोगदा त्यांना रुंद वाटतो, चोपड्याचा पूल तर जाणवतही नाही. त्यांना अडवतात ते गावातले रस्ते : दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. आगरवाडा, मोरजी, मांद्रे या भागात असे रस्ते अजून आहेत. या सगळ्या वाटेवर माथा मोजणारं शेवटचं ठिकाण आता हेच उरलं आहे. गडगे पाडून रुंद करा अशी मागणी होते, आणि ती दरवेळी चुकीची असते असंही नाही. पण रस्ता रुंद करताना आपण कुणाला आत घेतोय, हे आधी ठरवलेलं बरं.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. पुलांची छायाचित्रं भरपूर आहेत. फेरीच्या धक्क्यांची, त्यांच्या उतरणींची, वाट बघत थांबलेल्या गाड्यांच्या रांगांची फार थोडी आहेत. कुणाच्या घरच्या अल्बममध्ये शिवोली-चोपडे फेरीचा फोटो असेल, कुणी तिच्यावर काम केलं असेल, तर ते नोंदवून ठेवा. ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांच्यासाठी केरी-तेरेखोल फेरी अजून आहे. ओहोटीची वेळ साधून जा, आणि एखादी लांब गाडी बोटीत कशी चढते तेवढं बघा.