हत्यार निवडण्यापूर्वी

हत्याराची धार पाहावी, तसा धार लावणारा हातही पाहावा, हे कामगार चळवळीने आम्हांस शिकविले. हास्केल या संगणकभाषेचा इतिहास तेच सांगतो. कार्यक्रमाला आज्ञांची रांग न मानता गणितातील फलनांची गुंफण मानणाऱ्या फंक्शनल भाषा डझनाहून अधिक झाल्या होत्या आणि श्रम विखुरत होते. म्हणून १९८७ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे जमलेल्या अभ्यासकांनी एक सामायिक भाषा रचण्याचे ठरविले. तिला तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव मिळाले. पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला.

२००७ पासून ‘हॅकेज’ या सार्वजनिक कोठारात लोक आपापल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार आज्ञावलींचे संच, ठेवू लागले. संपत्ती वाढली, तशी निवडही अवघड झाली. दोन संचांना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या, की बांधणी अडे. २००९ मध्ये निवडक संचांचा ‘हास्केल प्लॅटफॉर्म’ निघाला. २०२२ मध्ये तो मोडीत निघाला. ‘स्टॅकेज’ने परस्परांशी जुळतात असे बांधून तपासलेल्या आवृत्त्यांच्या याद्या दिल्या.

पण यादी जुळणी सांगते. राबणाऱ्या माणसाविषयी ती मौन बाळगते. यांतील कित्येक संच स्वयंसेवक विनावेतन सांभाळतात. तेव्हा निवडताना परवाना, माहितीपत्र, चाचण्या व शेवटची दुरुस्ती पाहावीच. आणि सांभाळणारा एकटा असेल, तर आपणही हात लावावा. फुकट मिळालेले हत्यार बिनश्रमाचे नसते, हे निदान आम्ही तरी विसरता कामा नये.