कानामागचा हिशेब

श्रवणयंत्र कानामागे लपेल एवढं लहान कसं झालं, असं विचारलं की बहुतेक जण ‘चिप आली ना!’ म्हणून मोकळे होतात. पण या गोष्टीची दोन टोकं १९६२ या एकाच वर्षात, दोन वेगळ्या देशांत सापडतात.

त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी नव्या धर्तीचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन मांडला. जुन्या कंडेन्सर मायक्रोफोनला बाहेरून मोठा विद्युतदाब पुरवावा लागे. या दोघांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडला आणि ती गरजच संपवली. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रेट श्रवणयंत्रांत आला.

त्याच वर्षी टोकियो विद्यापीठात हिरोशी इनोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डेल्टा-सिग्मा’ पद्धत प्रसिद्ध केली. त्यांना मोजमापं दूरवर पाठवायची होती. त्यांची युक्ती मात्र आपल्या वाण्यासारखी. सुटे नसले की वाणी कधी रुपया जास्त घेतो, कधी कमी; पण बाकी लक्षात ठेवून पुढच्या वेळी वळती करतो. महिनाअखेर हिशेब चोख! हे सर्किटही दर क्षणी फक्त ‘एक’ किंवा ‘शून्य’ म्हणतं आणि झालेली चूक पुढच्या क्षणात धरतं. सेकंदाला दहा-वीस लाख वेळा असं केलं, की त्या आकड्यांच्या सरासरीतून मूळ आवाज मिळतो. फार काटेकोर सुटे भाग लागत नाहीत. काम वेगावर भागतं.

पण वेगाला वीज लागते, आणि श्रवणयंत्राच्या सेलचा विद्युतदाब जेमतेम १.४ व्होल्ट. सगळ्या यंत्राला मिळून साधारण एक मिलिवॉट वापरायची मुभा. त्यात आवाजाचे आकडे करायचे, ते तपासायचे आणि पुन्हा आवाज घडवायचा. हे जमायला १९९०चं दशक उजाडलं. १९९६च्या सुमारास डेन्मार्कमधल्या कंपन्यांची पूर्ण डिजिटल श्रवणयंत्रं बाजारात आली.

माझी आत्या सेल वाचवायला दुपारभर यंत्र बंद ठेवायची. घरात गप्पा रंगलेल्या असत आणि ती नुसती हसून मान डोलवे. ‘कमी विजेचं सर्किट’ हे शब्द मी वाचतो, तेव्हा मला ती दुपार दिसते.

२००३मध्ये सिलिकॉनचे मायक्रोफोन मोठ्या प्रमाणावर बनू लागले. पुढे आकडे करणारं सर्किटही त्याच डबीत, पडद्याला खेटून बसलं. मायक्रोफोनचा संकेत इतका दुबळा, की वाटेत मोबाइलची गुरगुर त्यात सहज मिसळते. जागच्या जागी आकडे झाले की ही भीती उरत नाही. आज अशा डब्या आपल्या मोबाइलमध्ये असतात.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांसाठी श्रवणयंत्र घ्यायला गेलात, तर किंमत विचाराच. पण सेल किती दिवस पुरतो, हेही जरूर विचारा. दिवसभर कानावर राहील तेच यंत्र खरं.