मॉरिशसच्या मराठी घरातील कुळाचार

मॉरिशस बेटातील मराठी समाजाचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल, त्याला प्रथम मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या दप्तरांकडे वळावे लागेल. शर्तबंद मजुरांच्या त्या वह्यांत मजुराचा क्रमांक आहे, जहाजाचे नाव आहे, बापाचे नाव, गाव, वय, उंची व अंगावरील खुणा आहेत. अनेकांची छायाचित्रेही आहेत. परंतु त्या माणसाच्या घरी सांजवात कोण लावीत असे, सणाला कोणते पक्वान्न होत असे, मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी काय करीत असत, याविषयी एक अक्षरही त्या वह्यांत नाही. मळेवाल्यास त्याचे प्रयोजन नव्हते. तथापि आपल्या पूर्वजांचे जे काही आज आपल्या हाती आहे, त्यातील फार मोठा भाग या न लिहिलेल्या गोष्टींचाच आहे.

या बेटावर शर्तबंद मजुरीची नियमित सुरुवात २ नोव्हेंबर १८३४ रोजी झाली असे मानतात. त्या दिवशी 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर पोर्ट लुई येथे पोहोचले. त्यानंतर १९१० पर्यंत सुमारे साडेचार लक्ष माणसे आली. त्यांतील बहुतेक कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून निघालेली होती. मुंबई बंदरातून आलेल्यांचा वाटा लहान होता. त्या लहान वाट्यातच रत्नागिरी, सावंतवाडी आणि देशावरील काही गावांचे लोक होते. इतरांनी त्यांना 'बाँबे' असे नाव दिले. निघाल्या बंदराचे नाव जातीप्रमाणे माणसास चिकटले. घाटाच्या १६ पायऱ्या चढून ही मंडळी मळ्यांवर गेली. ब्लॅक रिव्हर जिल्हा व वाक्वाचा परिसर येथे त्यांची वस्ती वाढली.

करार पाच वर्षांचा, वेतन महिन्याला ५ रुपयांच्या आसपास, आणि वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा शिधा. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. त्यास 'डबल कट' म्हणत. अशा मजुराच्या दिवसात पहाट मळ्याची होती आणि दुपारही मळ्याचीच होती. स्वतःची म्हणावी अशी वेळ एकच, ती म्हणजे संध्याकाळ. तुळशीपुढे दिवा, हातपाय धुऊन देवापुढे मुलांचे हात जोडणे, थोरांच्या पाया पडणे, मग जेवण, आणि जेवणानंतर आजीची गोष्ट. ह्या चार गोष्टी टिकल्या, याचे कारण केवळ भाविकपणा नव्हे. त्यांस उपाध्याय लागत नव्हता, पैसा लागत नव्हता आणि मालकाची परवानगीही लागत नव्हती. वातीपुरते तेल शिध्यातून उरले म्हणजे झाले.

येथे स्त्रियांचा विशेष उल्लेख केला पाहिजे. आरंभीच्या जहाजांत स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे सरकारने पुरुषांच्या प्रमाणात ठरावीक स्त्रिया आल्याच पाहिजेत असा नियम केला, तेव्हा कोठे कॅम्पातील खोपटांचे संसार झाले. नियम करणाऱ्यांच्या मनात मजुरांची स्थिरता होती. परंतु त्या नियमामुळे जहाजातून कुळाचारही उतरला. दिवसभर उसात राबून आलेल्या ज्या बाईस अक्षराची ओळख नव्हती, तीच आपल्या घराची शाळा होती. तिने शिकविले ते सांगून नव्हे, तर करून. मुलगी आईशेजारी बसून सारण वळावयास शिकली आणि मुलगा बापाशेजारी उभा राहून आरतीला टाळी द्यावयास शिकला.

नावांचेच पाहा. बंदरावरील कारकुनाने ऐकले तसे लिहिले. बापाचे नाव पुढील पिढीचे आडनाव झाले, आणि कित्येक घराण्यांचे मूळ आडनाव त्या एका टाकाच्या फटकाऱ्याने लोपले. परंतु बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकून आत्याने बाळाच्या कानात सांगितलेले नाव कोणत्या दप्तरात जाणार? ज्या घरांनी हा विधी पाळला, त्या घरांत मुलाला एक नाव सरकारचे आणि एक नाव आपले, अशी दोन नावे राहिली.

सणांच्या बाबतीत तर एक मौज आहे. आपले पूर्वज भूमध्यरेषा ओलांडून आले आणि ऋतू उलटे झाले. कोकणात संक्रांत थंडीत येते, म्हणून अंगात ऊब आणणारा तीळगूळ. येथे संक्रांत ऐन उन्हाळ्यात, चक्रीवादळांच्या दिवसांत येते. तेथे पाडवा वसंतात, येथे तो शरदाच्या तोंडी. तेथील गणपती पावसाळ्यातील, शेतीच्या उसंतीचा. येथील गणपती ऊसतोडणीच्या धांदलीत येतो. ऋतूचा आधार सुटला तरी तिथी सुटली नाही. १८९६ साली हेन्रिएटा येथे या बेटावरील गणेशोत्सवास आरंभ झाल्याचे सांगतात. तेव्हापासून मोदक आणि आरती यांबरोबर कोकणची जाखडीही चालत आली आहे. तिला आपण येथे 'झाकरी' म्हणतो. ही कला कोणी पुस्तकातून शिकले नाही. रिंगणात मोठ्यांच्या मागे लहान मुले उभी राहिली आणि त्यांच्या पावलांत ठेका बसला.

सर्वच टिकले असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांचे तुकडे विकावयास निघाले, तेव्हा अनेक भारतीय कुटुंबांनी पै पै साठवून जमिनी घेतल्या व कॅम्प सोडला. पुढे १९६० च्या जानेवारीत 'अ‍ॅलिक्स' आणि फेब्रुवारीत 'कॅरोल' ही चक्रीवादळे आली, हजारो घरे जमीनदोस्त झाली, आणि गवताच्या छपरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहू लागली. ती घरे भक्कम होती, त्यांत पोरेबाळे सुरक्षित झाली. मात्र शेणाने सारवावयाची जमीन गेली, कालांतराने चूलही गेली, आणि त्यांबरोबर त्या कामांचे शब्दही गेले. 'सारवण', 'पोतेरे', 'वैल' हे शब्द आजच्या मुलांना सांगितले तर ती आपल्या तोंडाकडे पाहत राहतील.

भाषेचेही तसेच झाले आहे. आज बेटावरील बहुतेक घरांत बोलणे क्रिओलमध्ये चालते. शाळेत मराठीचा तास असतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तासाला शिकलेला शब्द घरी वापरण्याचे काम नसेल तर तो वहीतच राहतो. उलट 'पुरण', 'सारण', 'नैवेद्य', 'औक्षण' हे शब्द ज्या मुलाने हाताने काम करता करता ऐकले, ते त्याच्या जिभेवर राहतात. म्हणून कुळाचार हा भाषेचा अखेरचा आश्रय आहे असे मला वाटते. डाळपुरी पोर्ट लुईच्या रस्त्यावर मिळते, तिला बाजाराने जगविले आहे. पुरणपोळीला जगविणारे केवळ आपले घर आहे. एका पिढीने ती केली नाही तर पुढच्या पिढीस ती कोण शिकविणार?

तेव्हा या स्मरणिकेच्या वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. येत्या चतुर्थीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही करावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे आणि तिच्या तोंडून लिहून घ्यावे: आपल्या घरी कोणता सण कसा होतो, नैवेद्याला काय लागते, बारशाला काय म्हणतात, गोंधळ कोणत्या देवतेचा घालतात, कोणती गोष्ट रात्री सांगत. क्रिओल, भोजपुरी, मराठी, ज्या भाषेत ती सांगेल त्या भाषेत लिहावे; मात्र वस्तूंची आणि कृतींची नावे ती उच्चारील तशीच ठेवावीत. आणि लिहून झाल्यावर वही कपाटात ठेवून भागणार नाही. त्या दिवशी पुरण वाटावयास, मोदकाची पारी करावयास मुलांनाच बसवावे. पारी फाटली तर फाटू द्यावी. आपल्या आजीनेही ती पहिल्या वेळी फाडलीच असेल.